अंगाला आठवतं, आपल्याला आठवतं का?

दोस्तांनो, दप्तरातून शाळेची डायरी काढा पाहू. पहिलं पान उघडा. तुमचं नाव, वर्ग, तुकडी, घरचा पत्ता, आईबाबांचा फोन नंबर, रक्तगट. आणि तिथंच आसपास बऱ्याच डायऱ्यांमध्ये एक ओळ असते : 'कोणत्या औषधाची ॲलर्जी असल्यास'. पुढे टिंबं, टिंबं, टिंबं. तुमच्या डायरीत त्या टिंबांवर काय लिहिलंय? काहींनी 'नाही' लिहिलं असेल. पुष्कळांची ओळ कोरीच असेल. माझ्या भाच्याची पण कोरीच होती.

भाचा नागपूरच्या महाल भागात राहतो. मागच्या वर्षी, तो पाचवीत असताना, पोळ्याच्या तोंडावर त्याला ताप आला. घसा इतका दुखत होता की पाण्याचा घोटही गिळवेना. आणि पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे नागपूरच्या मुलांचा केवढा मोठा दिवस! लाकडी बैल सजवून तान्ह्या पोळ्याला न्यायचा, काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे पुतळे वाजतगाजत जाताना बघायचे, बडग्यांचे मोठमोठे पुतळे बघायचे. आमचा बैल मात्र झूल पांघरून खिडकीत उभा होता, आणि त्याचा मालक शेजारी चादर पांघरून बसला होता.

सकाळी डॉक्टरांनी औषध लिहून दिलं होतं. तुम्हीही कधीतरी घेतलं असेल तसलं. बाटलीत नुसती कोरडी पावडर असते. उकळून गार केलेलं पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंत घालायचं, खळखळ हलवायचं, की झालं गुलाबी, गोड वासाचं औषध तयार. पहिला चमचा त्यानं दुपारी घेतला. बाहेर ढोल-ताशे वाजत होते. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील, आणि तो पोट खाजवायला लागला.

"काहून रे राजा, सारखा खाजवून राहिला?" आजीनं विचारलं आणि त्याचा सदरा वर केला. पोटावर, पाठीवर फुगीर चट्टे उठले होते. काही रुपयाएवढे, काही एकमेकांत मिसळून नकाशासारखे पसरलेले. मधे पांढुरके, कडेनं लाल.

"गांधी उठल्या गं याला!" आजी म्हणाली.

"घामोळ्या असतील आई. केवढं उकडून राहिलं," माझी ताई, म्हणजे त्याची आई, म्हणाली.

शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "औषध गरम पडलं असंल त्याले."

असं तिघींचं बोलणं चाललं होतं, तेवढ्यात भाच्याचा वरचा ओठ सुजायला लागला. मग ठसका लागला. आवाज घोगरा झाला. ताईनं पुढे एक मिनिटही घालवलं नाही. औषधाची बाटली पिशवीत टाकली, त्याला उचललं आणि जवळचा दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टर मॅडमनी ओठ बघितले, छातीला नळी लावली आणि लगेच मांडीच्या बाहेरच्या बाजूला एक इंजेक्शन दिलं. ॲड्रेनालिन त्याचं नाव. थोड्या वेळात ठसका थांबला, श्वास मोकळा झाला.

मग मॅडमनी बाटली हातात घेतली. "हे अमॉक्सिसिलिन. पेनिसिलिनच्या घराण्यातलं. याआधी कधी दिलं होतं का याला?"

"दोन वर्षांआधी याचा कान दुखला होता, तेव्हा एक औषध होतं," ताई आठवून आठवून सांगत होती. "गुलाबीच होतं. तेव्हाही अंगावर काहीतरी आलं होतं. पण एप्रिल होता, आम्ही घामोळ्याच समजलो."

"त्या औषधाचं नाव?"

नाव कुणालाच आठवेना. ताईला नाही, आजीला नाही, आणि भाचा तर तेव्हा दुसरीत होता. पण त्या खोलीत एक जण असा होता, ज्यानं ते औषध दोन वर्षं बरोब्बर लक्षात ठेवलं होतं. तो म्हणजे भाच्याचं अंग!

अंगाला कसं काय आठवतं? थांबा, आधी आपण जरा मैदानावर जाऊन येऊ.

तुम्हाला आघाडा माहीत आहे ना? गणपतीच्या पत्रीत असतो तो. पावसाळ्यानंतर मैदानाच्या कडेनं पळालं की त्याची इवली टोकदार फळं चड्डीला चिकटतात. असं एखादं फळ अंगणात पडलेलं असेल तर आईचं लक्षही जात नाही, इतकं ते बारीक. पण तीच फळं तुमच्या नव्या पँटला पंधरा-वीस चिकटून आली की आई दारातच थांबवते. बरोबर?

पेनिसिलिनचंही असंच असतं. आपल्या अंगात पहारा देणाऱ्या पेशी असतात, बाहेरून कोण आलं ते ओळखणाऱ्या. पेनिसिलिनचा रेणू इतका लहान असतो की नुसता आला तर या पहारेकऱ्यांना तो दिसतच नाही म्हणा ना. पण तो रक्तातल्या मोठ्या प्रथिनांना जाऊन चिकटतो, आघाड्यासारखा. मग पहारेकरी दचकतो : अरे, हे प्रथिन तर आपलंच, पण यावर हे काय चिकटलंय? अशा चिकटणाऱ्या लहान रेणूंना 'हॅप्टन' म्हणतात. हे नाव 1921 साली कार्ल लांडस्टायनर या शास्त्रज्ञानं दिलं. आणि गंमत बघा, तुमच्या डायरीत रक्तगटाची जी ओळ आहे ना, तीही त्याच्यामुळेच आहे. माणसांचे रक्तगट त्यानंच शोधले, 1901 साली. त्या पानावरच्या दोन ओळी, आणि दोन्हींच्या मागे एकच माणूस!

आता पुढे काय होतं ते बघा. पहिल्यांदा औषध घेतलं तेव्हा बहुतेक वेळा फार काही घडत नाही. पहारेकरी फक्त ओळख करून घेतात आणि त्या औषधाला पकडणारी एक खास वस्तू तयार करतात. तिला प्रतिपिंड म्हणतात. इंग्रजी वाय अक्षरासारखा तिचा आकार, वरती दोन हात. ॲलर्जीवाल्या प्रतिपिंडाचं नाव आयजीई. ते 1966 साली इशिझाका नावाच्या जपानी नवरा-बायकोनं अमेरिकेत काम करताना शोधलं. बहुतेकांच्या अंगात असं आयजीई औषधाविरुद्ध तयार होतच नाही, हेही लक्षात ठेवा. काही थोड्यांच्याच अंगात होतं. कुणाच्या होणार ते आधी सांगता येत नाही.

हे आयजीई जाऊन बसतात एका फार सुंदर पेशीवर. सूक्ष्मदर्शकाखाली ती दाण्यांनी टच्च भरलेल्या ज्वारीच्या कणसासारखी दिसते. पॉल एहर्लिख नावाच्या जर्मन विद्यार्थ्याला ती 1878 साली दिसली. एवढे दाणे पाहून त्याला वाटलं, ही पेशी खाऊन-पिऊन गुटगुटीत झालेली दिसते! म्हणून त्यानं तिला 'पोसलेली' अशा अर्थाचं नाव दिलं. आज सगळे तिला मास्ट पेशी म्हणतात. ते दाणे तिनं खाल्लेले नसतात, ती ते स्वतः बनवते. त्या दाण्यांत असतं हिस्टामिन.

दोन वर्षांनी तेच औषध पुन्हा आलं. मास्ट पेशीवर आयजीई हात वर करून बसलेलेच होते. प्रथिनाला चिकटलेलं पेनिसिलिन शेजारशेजारच्या दोन आयजीईंच्या हातात एकदम सापडलं, की पेशीला खूण पटते आणि ती सगळे दाणे बाहेर फेकते. काही मिनिटांत! पहिल्या वेळी ओळख होते, आणि दुसऱ्या वेळी अंग आरडाओरडा करतं.

हिस्टामिन काय करतं ते तुम्हाला रोज रात्री दिसतं. डास चावल्यावर जी गांध येते, ती हिस्टामिनचीच. बारीक रक्तवाहिन्या रुंद होतात, म्हणून कातडी लाल. त्यांतून पाणी झिरपतं, म्हणून फुगवटा. चेतातंतूला गुदगुल्या होतात, म्हणून खाज. डासाच्या वेळी हे एका ठिपक्यापुरतं. औषध रक्तातून सगळीकडे फिरतं, म्हणून गांधी सगळीकडे. ओठांत झालं की ओठ सुजतात. घशात झालं की आवाज घोगरा. श्वासनळ्या आवळल्या की ठसका आणि शिट्टीसारखा आवाज. पोटात झालं की ओकारी, कळा. आणि सगळ्याच रक्तवाहिन्या एकदम सैलावल्या की रक्तदाब खाली येतो, चक्कर येते, हातपाय गार पडतात. ॲड्रेनालिन हे सगळं उलटं फिरवतं. रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनळ्या उघडतं. ते आपलं अंगही बनवतं, मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींमध्ये. पेपर हातात आल्यावर छाती धडधडते ना, ते त्याचंच काम. पण अशा वेळी अंगातलं पुरत नाही, बाहेरून द्यावं लागतं, आणि लगेच द्यावं लागतं.

अंगाची ही आठवण माणसाला कशी कळली, त्यात एका कुत्र्याची गोष्ट आहे. वाचताना मला दरवेळी वाईट वाटतं, तरी सांगते. मोनॅकोच्या राजाला समुद्राचं भारी वेड होतं. 1901 साली त्याच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्री जिवांच्या विषाचा अभ्यास करत होते. परत आल्यावर त्यांनी पॅरिसमध्ये कुत्र्यांना तशाच विषाचा अगदी थोडा डोस द्यायला सुरुवात केली. कल्पना अशी की हळूहळू सवय होऊन कुत्रे विषाला पुरून उरतील. नेपच्यून नावाचा एक धडधाकट, गुणी कुत्रा होता. पहिल्या डोसांनी त्याला काही झालं नाही. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तेवढाच इवलासा डोस दिला, आणि अर्ध्या तासाच्या आत नेपच्यून मेला. सवय होण्याऐवजी उलटंच घडलं होतं. रिशेनं त्याला नाव दिलं ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे संरक्षणाच्या उलट. या कामासाठी त्याला 1913 साली नोबेल पारितोषिक मिळालं.

'ॲलर्जी' हा शब्द मात्र मुलांच्या दवाखान्यात जन्मला. व्हिएन्ना शहरात क्लेमेन्स फॉन पिर्के नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. तेव्हा घटसर्पासारख्या रोगांवर घोड्याच्या रक्तापासून केलेलं औषध टोचायचे. काही मुलांना ते टोचल्यावर आठ-दहा दिवसांनी ताप यायचा, पुरळ यायचं, सांधे दुखायचे. दुसऱ्यांदा टोचलं तर हेच फार लवकर व्हायचं. पिर्केंच्या लक्षात आलं की औषध तेच आहे, पण मुलाचं अंग आता वेगळं वागतंय. 'वेगळं' आणि 'काम' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्यांनी 1906 साली ॲलर्जी हा शब्द केला. घोड्याच्या रक्तापासून केलेलं औषध आपल्याकडे आजही लागतं बरं का. साप चावल्यावर देतात ते. मुंबईच्या हाफकिन संस्थेचं नाव त्यासाठी पुष्कळांना माहीत आहे. विदर्भात पावसाळ्यात शेतात साप चावलेला माणूस आला आणि विष भिनल्याची लक्षणं दिसली की डॉक्टर ते औषध देतातच, कारण जीव त्यानंच वाचतो. पण देताना ॲड्रेनालिनची इवलीशी काचेची कुपी हाताशी ठेवतात.

चला, भाच्याकडे परत जाऊ. त्याला रात्रभर दवाखान्यातच ठेवलं होतं, कारण अशी रिॲक्शन ओसरल्यावर काही तासांनी कधी कधी पुन्हा उसळते. तिथल्या सिस्टरनी एक मजेदार गोष्ट केली. त्याच्या हातावर तीन गांधी शिल्लक होत्या. बॉलपेननं त्यांनी प्रत्येकीभोवती गोल काढला आणि म्हणाल्या, "यांच्यावर लक्ष ठेव." रात्री उशिरा बघतो तर गोल रिकामे! गांधी तिथून गायब, आणि कोपराजवळ एक नवी उठलेली. गांधी अशाच असतात. एका जागी दिवसभर टिकत नाहीत. मागे डाग न ठेवता जातात, दुसरीकडे उगवतात. घामोळ्या तशा नसतात. त्या मोहरीएवढ्या, मानेवर, पाठीवर, कपडा चिकटतो तिथं येतात आणि थंडावा मिळाला की हळूहळू जातात. आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात घामोळ्या कुणाला होत नाहीत? म्हणूनच ताईची फसगत झाली.

आणि काकूंचं ते वाक्य, "औषध गरम पडलं". हे वाक्य मला मुळीच आवडत नाही. त्यात आपण दहा वेगवेगळ्या गोष्टी एकत्र कोंबतो. सर्दीची काही औषधं घेतली की झोप येते. काही अँटिबायोटिकनी पोट बिघडतं, कारण आतड्यातले आपले चांगले जिवाणूही त्यात मरतात. वेदनाशामक गोळी उपाशीपोटी घेतली तर जळजळ होते. या कशालाच ॲलर्जी म्हणत नाहीत. टीबीवरचं एक औषध आहे, रिफाम्पिसिन. ते घेतलं की लघवी चक्क आपल्या संत्र्याच्या रंगाची होते, कधी कधी अश्रूसुद्धा! पहिल्यांदा बघणारा घाबरून जातो. पण तो फक्त त्या औषधाचा रंग असतो, बाकी काही नाही. घाबरून टीबीचं औषध बंद केलं तर मात्र खरंच मोठं नुकसान होतं.

आणखी एक घोटाळा असतो. लहान मुलांना विषाणूंमुळे ताप येतो, आणि त्या विषाणूनंच अंगावर पुरळ येतं. नेमकं त्याच वेळी औषधही चालू असतं. मग आळ येतो औषधावर. म्हणून किती वेळानं आलं, कसं दिसत होतं, खाज होती का, जागा बदलत होतं का, हे सगळं डॉक्टर खोदून खोदून विचारतात. तुम्ही नीट बघितलं असेल तर तुम्हीच सगळ्यात चांगले साक्षीदार. मोबाइलवर काढलेला फोटोही फार कामाला येतो, कारण डॉक्टरांकडे पोचेपर्यंत गांधी पळून गेलेल्या असतात!

सगळ्याच ॲलर्जी मिनिटांत येत नाहीत. काही औषधांचं पुरळ चौथ्या-पाचव्या दिवशी, कधी दुसऱ्या आठवड्यात येतं. ते आयजीईचं काम नसतं, टी पेशी नावाचे वेगळे पहारेकरी ते करतात. त्यातला एक प्रकार तर मला सगळ्यात अद्‌भुत वाटतो. एखाद्या माणसाला एक ठरावीक गोळी घेतली की, समजा, डाव्या मनगटावर एक गोल जांभळट डाग येतो. गोळी बंद केली की तो फिकट होतो, पण काळसर खूण राहते. वर्षभरानं पुन्हा तीच गोळी घेतली, तर डाग पुन्हा येतो, आणि कुठे? बरोब्बर त्याच जागी! मनगटावर होता तर मनगटावरच, ओठावर होता तर ओठावरच. लुई ब्रोक नावाच्या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञानं 1894 साली या डागाचं वर्णन केलं. कारण नंतर कळलं. पहिल्या वेळी आलेल्या काही टी पेशी त्या जागेवरून उठतच नाहीत. तिथंच, कातडीत, तळ ठोकून वाट बघत बसतात. कोट्रायमॉक्साझोल, टिनिडाझोल आणि काही वेदनाशामक गोळ्यांनी आपल्याकडे असे डाग बऱ्याच जणांना येतात. घरात कुणाच्या हातावर असा येऊन-जाऊन असणारा डाग असेल तर विचारा बरं, "तेव्हा कोणती गोळी घेतली होती?"

उशिरा येणाऱ्या काही रिॲक्शन फार गंभीर असतात. औषध चालू असताना तोंडात फोड आले, डोळे लाल होऊन चिकटले, कातडी दुखायला लागली किंवा सालीसारखी निघायला लागली, तर ते दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात.

आणि लगेच येणारी? औषधानंतर गांधी उठल्या आणि त्यांच्याबरोबर ओठ-जीभ सुजली, श्वासाला त्रास झाला, आवाज बदलला, सारख्या ओकाऱ्या झाल्या किंवा चक्कर आली, तर मोठ्यांना हाक मारा आणि 108 ला फोन करायला सांगा. कधी कधी गांधी येतच नाहीत, नुसता श्वास लागतो किंवा चक्कर येते, हेही ध्यानात असू द्या. त्या माणसाला आडवं झोपवायचं, पाय थोडे वर. श्वास लागत असेल तर बसू द्यायचं. पण उभं करायचं नाही, चालवायचं नाही. आणि औषधाची बाटली किंवा स्ट्रिप बरोबर न्यायची. ताईनं त्या दिवशी बाटली पिशवीत टाकली म्हणून नाव कळलं. नाहीतर पुन्हा 'गुलाबी औषध' एवढंच हाती राहिलं असतं.

पेनिसिलिनचं इंजेक्शन देण्याआधी हातावर सुईनं इवलासा फुगा करून पंधरा-वीस मिनिटं थांबायला लावतात, बघितलंय का? ती अंगाकडे केलेली चौकशीच असते : तुला हे आठवतं का? फुगा मोठा झाला, लाल झाला, तर उत्तर 'हो'. करोनाची लस घेतल्यावर तुमच्या दादा-ताईंना अर्धा तास खुर्चीवर बसवून ठेवायचे, तेही याच कारणानं. वेळेवर दिसलं तर वेळेवर औषध देता येतं.

आता दुसरी बाजू सांगते, कारण तीही तेवढीच महत्त्वाची आहे. कित्येक घरांत एखादे आजोबा असतात, "मला पेनिसिलिन चालत नाही" म्हणणारे. का, ते त्यांनाही ठाऊक नसतं. लहानपणी कुणीतरी सांगितलेलं असतं. अमेरिकेत दर 10 माणसांत एकाच्या कागदावर पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलेली असते. पण तज्ज्ञांनी अशा लोकांची नीट तपासणी केली, तेव्हा त्यांतल्या 100 पैकी 90 हून अधिक जणांना पेनिसिलिन चाललं! काहींना मुळात ॲलर्जी नव्हतीच. काहींचं अंग वर्षानुवर्षांत विसरून गेलं होतं. हो, अंगही विसरतं. खऱ्या ॲलर्जीवाल्या दर 10 जणांपैकी सुमारे 8 जणांची 10 वर्षांत निघून जाते. पण हे घरी गोळी घेऊन बघायचं नसतं. ते रुग्णालयात, तज्ज्ञ समोर असतानाच तपासतात.

खोटी ॲलर्जी लिहिलेली राहिली तर काय बिघडतं? खूप बिघडतं. 1928 साली अलेक्झांडर फ्लेमिंगना बुरशीत सापडलेलं पेनिसिलिन, ज्याच्यासाठी आपल्या देशानं पुण्याजवळ पिंपरीला 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभारला, ते अजूनही कितीतरी आजारांवरचं सगळ्यात चांगलं आणि स्वस्त औषध आहे. आपल्या विदर्भात सिकलसेलचा आजार असलेली मुलं पुष्कळ आहेत. त्यांतल्या छोट्यांना जंतूंपासून वाचवायला रोज पेनिसिलिन देतात. एका प्रकारच्या तापानंतर हृदयाच्या झडपा बिघडलेल्या मुलांना तीन-चार आठवड्यांनी त्याचंच इंजेक्शन असतं. अशा मुलाच्या कागदावर कुणी घामोळ्या बघून 'पेनिसिलिन चालत नाही' लिहिलं, तर त्याची ढालच काढून घेतल्यासारखं होईल.

म्हणून नाव आणि तपशील हवा. आणि नाव शोधणं सोपं नसतं, हे मी स्वतः करून बघितलंय. आमच्या घरातल्या औषधांच्या डब्यात परवा मी हात घातला. कापलेल्या स्ट्रिपचे नऊ तुकडे निघाले. दुकानातून दोन-चार गोळ्या मागितल्या की कात्रीनं तेवढाच तुकडा कापून मिळतो, आणि नाव राहतं दुकानातल्या तुकड्यावर! नऊपैकी चारांवर पूर्ण नाव नव्हतं. एकावर नुसती लाल उभी रेघ होती. ती रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही असं औषध, एवढं तरी कळलं. दुसरी अडचण अशी की एकाच औषधाची कंपनीगणिक वेगवेगळी नावं असतात. मोठ्या अक्षरांतलं कंपनीचं नाव लिहिलंत तर पुढच्या वेळी तेच औषध दुसऱ्या नावानं तुमच्या पोटात जाईल. आतल्या मूळ औषधाचं नाव लिहायचं. भाच्याच्या बाटलीवर ते होतं : अमॉक्सिसिलिन.

डॉक्टर मॅडमनी त्या रात्री आणखी एक काम केलं. एक फॉर्म भरला. आपल्या देशात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा एक राष्ट्रीय कार्यक्रम 2010 सालापासून चालू आहे. त्याची केंद्रं मेडिकल कॉलेजांमध्ये असतात, आपल्या नागपुरातल्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांतही. तिथून नोंद गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे जाते, आणि तिथून थेट स्वीडनमधल्या उप्साला शहरात, जिथं जगभरातल्या अशा कोट्यवधी नोंदी एकत्र ठेवल्या आहेत. महालातल्या एका मुलाच्या पोटावरच्या गांधी स्वीडनला पोचल्या की हो!

याचा उपयोग काय, असं विचाराल. मेफेनामिक ॲसिड हे दुखण्यावरचं आणि तापावरचं औषध आपल्याकडे घरोघरी असतं. देशभरातून आलेल्या नोंदी तपासताना गाझियाबादच्या तज्ज्ञांना दिसलं की काही जणांना त्यानंतर उशिरानं पुरळ, ताप, गाठी सुजणं अशी एक गंभीर ॲलर्जी होते. 2023 च्या अखेरीस त्यांनी सगळ्या डॉक्टरांना आणि रुग्णांना लक्ष ठेवायला सांगितलं. हे कळलं, कारण कुठल्या कुठल्या गावात कुणीतरी बसून औषधाचं नाव लिहिलं होतं.

ही नोंद फक्त डॉक्टरच करू शकतात असं नाही. रुग्णाला किंवा त्याच्या घरच्यांनाही करता येते. 1800-180-3024 या नंबरवर फोन करायला पैसे पडत नाहीत.

आता तुमची डायरी पुन्हा उघडा. आज रात्री जेवताना आईबाबांना, आजी-आजोबांना विचारा : मला कधी कोणत्या औषधानं काही झालं होतं का? कोणतं औषध, किती वेळानं, काय दिसलं? मग ती ओळ पेन्सिलीनं नको, पेननं भरा, आणि पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता ती त्यांना दाखवा. माझ्या भाच्यानं भरली आहे. त्याच्या वळणदार अक्षरात तिथं लिहिलंय : 'अमॉक्सिसिलिन. 20 मिनिटांत गांधी, ओठ सुजला, ठसका. पाचवीत, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी.'